उसनी प्रयोगशाळा आणि अक्का

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही. ती आली की मी विषय बदलायचो. सोलापुरात विषय बदलायला ऊन नेहमी हाताशी असतं. परवा अक्कांच्या शोकसभेत मात्र आमच्याच जुन्या विभागातला एक जण उठला आणि हात जोडून म्हणाला, "बाई विद्वान होत्या, पण पुढं पुढं त्यांचं मानसिक संतुलन जरा ढळलं होतं, हे आपण समजून घेतलं पाहिजे." समोरच्या माना सहानुभूतीनं हलल्या. सवयीनं माझीही हलली असेल. ते वाक्य त्याचं नव्हतं, माझं होतं. एका दुपारी हायवेवरच्या एका चकचकीत इमारतीत मीच ते जन्माला घातलं होतं, आणि इतक्या वर्षांत ते माझ्यापेक्षा धडधाकट राहिलं. म्हणून आता लिहितो आहे.

अक्का म्हणजे आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. जुनं अनुदानित कॉलेज, मी तिथं विभागप्रमुख, आणि त्या कागदोपत्री माझ्या हाताखालच्या. घर शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत. वडील मागावर, आई विड्या वळायची. घरात तेलुगू. धाकटी भावंडं त्यांना अक्का म्हणत; त्यातली दोघं कॉलेजात शिकायला आली आणि त्यांच्यामागून तो शब्दही वर्गात आला. मग विद्यार्थी, शिपाई, प्राचार्य, सगळेच अक्का म्हणू लागले.

त्या रागावल्या की आधी चष्मा काढायच्या. काढून टेबलावर पालथा ठेवायच्या आणि मग बोलायला सुरुवात करायच्या. पुढच्या बाकावरची पोरं चष्म्याकडे हात गेला की मान खाली घालायची. मी एकदा विचारलं, "अक्का, लोक रागावताना चष्मा सावरतात, तुम्ही काढता कशाला?" त्या म्हणाल्या, "समोरच्याचं तोंड नीट दिसलं की दया येते हो. मग बोलायचं ऱ्हातंय." राग त्यांना पुष्कळ यायचा. उशिरा येणाऱ्या पोराचा, न भरलेल्या जागांचा, अर्ध्यावर सोडलेल्या प्रयोगाचा, माझा. पण त्या रागाला कधी पाठ नव्हती. जे असायचं ते तोंडावर. आमच्यासारखे गोड बोलणारे स्टाफरूममध्ये चहा पिता पिता एकमेकांची मुळं खणायचे. ते त्यांना जमलं नाही.

त्यांचं एम.एस्सी. आणि पुढचं संशोधन दूरच्या एका नावाजलेल्या सरकारी विद्यापीठात झालं होतं. त्या काळी मागवाल्याची मुलगी सोलापूरहून एवढ्या लांब एकटी शिकायला जाते म्हटल्यावर गल्लीनं महिनाभर तोंडात बोटं घातली. त्या विद्यापीठाविषयी त्या भक्तिभावानं बोलत असतील असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. शिव्याच जास्त असायच्या. "माझ्या इंग्रजीला हसायचे. माझ्या डब्याला हसायचे. एक प्राध्यापक तर वर्षभर वर्गात आला न्हाई, पगार मात्र घेतला," असं सांगून पुढं म्हणायच्या, "पण तुझा बाप काय करतो विचारून कुणी फी सांगितली न्हाई. दारात फक्त एक विचारलं, तुला येतं का? येत होतं. आत घेतलं."

दर वर्षी चार-सहा पोरांना त्या अशा विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांना बसवायच्या. कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळेतच शिकवणी, फुकट. मुलं कुंभारीची, मंगळवेढ्याची, अक्कलकोटकडची कानडी बोलणारी. माझा मिलिंदही त्यातलाच. मी स्वतः रसायनशास्त्राचा मास्तर, पण पोराला घडवलं अक्कांनी. तो त्यांच्याच विद्यापीठात गेला, त्यांच्याच वसतिगृहात ढेकूण चावून घेतले, आणि मोठी पदवी घेऊन परत आला.

पालक त्यांच्याकडे सल्ला मागायला यायचे. वैरागचा एक अडत व्यापारी मुलीला घेऊन आलेला मला चांगला आठवतो. मुलीला सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, आणि हायवेवर नुकत्याच निघालेल्या खासगी विद्यापीठानं तिला फीमध्ये सवलत देऊ केली होती.

"मॅडम, त्यांच्याकडं एसी हाय, पोरीला सोतंत्र खोली हाय, बस दारातनं न्हेती," तो म्हणाला. "सरकारीत काय हाय?"

"ढेकूण हायत," अक्का म्हणाल्या.

त्यानं मुलीकडे बघितलं.

"पाणी वरच्या मजल्यावर चढत न्हाई. निकाल उशिरा लागतो. निम्मे मास्तर न्हाईत, सरकार जागा भरतच न्हाई. हे सगळं खरं हाय. आता मला सांगा, तिकडं एसीत तुमच्या पोरीच्या शेजारी कोण बसणार?"

"कोण?"

"ज्याच्या बापाला परवडतं तो. आणि हिकडं बसणार तो तिच्याहून हुशार. मग कुणाशी वाद घालून शहाणी व्हावी वाटतं तुमाला?"

"आता मॅडम, पोरीला वाद घालायला कशाला पाठवायचं?"

"मग लगीनच करून टाका की."

आधी मुलगी हसली, मग बाप. ती सरकारीत गेली. आज ती तिथंच शिकवते.

पण खासगी म्हटलं की सरसकट नावं ठेवणाऱ्यातल्या अक्का नव्हत्या. मोठ्या शहरांत काही खासगी विद्यापीठं आहेत, तिथं खरंच शिकवतात, परदेशातून शिकून आलेली माणसं येतात, ग्रंथालय रात्रभर उघडं असतं, हे त्या मान्य करायच्या. "हेवा वाटतो मला," असं एकदा उघड म्हणाल्या. "फक्त दार कुणासाठी उघडं हाय ते बघा. आणि आमच्याकडं जे उघडं दार हाय, त्याच्या आत काय ठेवलंय तेबी बघा." सरकारवर त्यांचा राग जास्त होता. विद्यापीठं कोणी बंद करत नाही, असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "म्हाताऱ्या आईला कोण जीवे मारतंय? मारत न्हाईत. नुसतं जेवायला घालत न्हाईत."

आमच्या विभागात नाव घेण्यासारखं यंत्र एकच होतं, तेही अक्कांनी आणलेलं. द्रावणातून जाणारा प्रकाश मोजणारं यंत्र. आम्ही त्याला नुसतं स्पेक्ट्रो म्हणायचो. त्यांच्या जुन्या विद्यापीठानं नवं घेतलं तेव्हा जुनं मोडीत काढायला निघाले होते. अक्कांनी आपल्या जुन्या सरांच्या मागे लागून ते रीतसर कॉलेजच्या नावावर करून घेतलं, लाकडी पेटीत गवत भरून बसवलं, आणि दोन विद्यार्थी घेऊन रेल्वेनं आणलं. कुर्डुवाडीच्या अलीकडे तिकीट तपासनीस पेटीवर टिचकी मारून म्हणाला, "बाई, हे काय आहे?" अक्का म्हणाल्या, "विद्यापीठ हाय. टिचकी नका मारू." पुढं वर्षभर खटपट करून त्यांनी ते चालू केलं.

दर खंडेनवमीला त्या यंत्राला हळदकुंकू लावायच्या. त्यांच्या घरी मागाला लावतात तसं. वर लावलं तर भिंगांना धूळ लागेल म्हणून पोरांकडून ते उचलून धरवायच्या आणि खालच्या पत्र्यावर बोट टेकवायच्या. मी चिडवायचो, "विज्ञानाच्या बाई आणि यंत्राची पूजा?" त्या म्हणायच्या, "पूजा न्हाई हो एचओडी सायब. वर्षातून एकदा म्हणायचं असतंय, तू हाईस म्हणून आमी हाय." वर्षानुवर्षांच्या बोटांनी त्या पत्र्यावर कुंकवाचा चांगला जाड थर बसला होता.

आता मिलिंदचं. मोठी पदवी घेऊन आलेला माझा मुलगा आमच्याच शहरात तासिका तत्त्वावर शिकवत होता. म्हणजे जितके तास घ्याल तितके पैसे, सुटीत काही नाही, पुढच्या वर्षी बोलावतीलच असं नाही. कायमच्या जागा रिकाम्या होत्या आणि रिकाम्याच ठेवल्या जात होत्या. लग्न ठरेना. घरात तो माझ्याशी बोलेना. सरकारी शिक्षणानं त्याला वर नेलं आणि तिथं नेऊन शिडी काढून घेतली. हे मी सबब म्हणून सांगत नाही. ज्यांनी शिडी काढली त्यांच्यावर माझा राग आजही आहे. पण त्या दुपारी जे केलं ते त्यांनी नाही, मी केलं.

हायवेवरच्या विद्यापीठाचे अध्यक्ष म्हणजे जिल्ह्यातले एक वजनदार गृहस्थ. त्यांनी मला बोलावलं, काजू पुढे केले, मिलिंदची चौकशी केली. मग म्हणाले, "सर, समिती येतेय तपासणीला. आमची यंत्रं अजून बंदरातच अडकलीत. दोन दिवसांचा प्रश्न आहे." पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. आमच्याकडे लग्नाला जशी शेजाऱ्यांची भांडी आणतात, तशी तपासणीला शेजारच्या कॉलेजची यंत्रं आणतात. पुस्तकं आणतात, माणसंसुद्धा आणतात. समितीलाही ठाऊक असतं. आमच्या स्वतःच्या तपासणीत ग्रंथालयातली तीन कपाटं पाहुणी होती. कुणाला त्यात चोरी वाटत नाही, शेजारधर्म वाटतो. मी हो म्हणालो.

स्पेक्ट्रो टेम्पोत चढवला, विभागात सांगितलं की दुरुस्तीला पाठवलाय, आणि तपासणीच्या दिवशी मी स्वतः त्यांचा 'सल्लागार प्राध्यापक' म्हणून कोट घालून उभा राहिलो. एक गोष्ट मी विसरलो होतो. त्याच दिवशी अक्कांच्या एम.एस्सी.च्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा होती. आणि दुसरी मला माहीतच नव्हती. टेम्पोवाला अक्कांच्या गल्लीतला होता. त्या सकाळी त्यांना दारात बघून त्यानं मोठ्या आपुलकीनं सांगितलं, "अक्का, तुमची मशीन हायवेवर नीट पोचवली बरं का."

त्या रिक्षानं आल्या. डाग पडलेला पांढरा ॲप्रन तसाच अंगावर. पहारेकऱ्यानं अडवलं असणार, पण त्यांना अडवणं सोपं नव्हतं. समितीचे सदस्य स्पेक्ट्रोभोवती उभे होते. त्यावर नवीन चकचकीत चिकटपट्टी, तिच्यावर हायवेवाल्यांचं बोधचिन्ह.

"हे आमचं हाय," अक्का दारातूनच म्हणाल्या. "आमची पोरं परीक्षेला खोळंबलीत. द्या परत."

समितीचे प्रमुख गोंधळले. "आपण कोण?"

अक्कांनी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. मग म्हणाल्या, "उलटं करून बघा. खाली कुंकू हाय. आमच्या हातचं."

कुणीतरी खुसखुसलं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. समितीच्या प्रमुखांनीही बघितलं, कारण त्या खोलीत अक्कांना ओळखणारा दुसरा कुणी नव्हता. यंत्र उलटं करायला दोन माणसं पुरली असती.

मी पुढं झालो. आवाज खाली आणला, जसा आपण आजाऱ्याच्या खोलीत आणतो. म्हणालो, "मॅडम माझ्या सहकारी आहेत. फार हुशार. पण अलीकडे त्यांची तब्येत बरी नसते. असे भास होतात त्यांना. मी त्यांना घरी पोचवायची व्यवस्था करतो."

बस, एवढंच बोललो. इतक्या सहज जमलं की मलाच नवल वाटलं. बाई एकटी, लग्न न केलेली, आवाज मोठा, यंत्राला कुंकू लावते म्हणते. माझ्या खोट्याला आणखी पुरावा लागलाच नाही. सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले. एका सदस्यानं अक्कांना बसायला खुर्ची दिली. दुसऱ्यानं पाणी मागवलं. त्या मऊ चेहऱ्यांचा मला आज जितका संताप येतो तितका कुठल्या शिवीचाही येत नाही.

मी वाट बघत होतो, आता चष्मा काढतील. त्यांनी काढला नाही. चष्म्यातून माझ्याकडे नीट बघितलं, बराच वेळ. मग पाण्याचा ग्लास तसाच ठेवून त्या निघून गेल्या.

यंत्र परत आलं तेव्हा मी दार लावून घेतलं आणि खालचा पत्रा स्पिरिटनं पुसला. विभागप्रमुखानं, स्वतःच्या हातानं. हेही कुणाला माहीत नव्हतं, आता असू दे. पुढं सगळं ठरल्यासारखं झालं. परवानगीशिवाय दुसऱ्या संस्थेत घुसून गैरवर्तन केल्याबद्दल प्राचार्यांनी अक्कांना जाब विचारला. प्रकृतीच्या कारणावरून एम.एस्सी.चे तास काढून घेतले, आणि तशी शिफारस केली मी. पोरांची शिकवणी बंद पडली, कारण आपली मुलगी 'तसल्या' बाईंकडे कोण पाठवणार? पोर्चमध्ये पोरं डोक्याजवळ बोट फिरवून दाखवायची. अक्कांनी दोन ठिकाणी तक्रार केली. दोन्हीकडे चौकशीला मीच साक्षीदार. खंडेनवमी आली तेव्हा त्यांनी नेहमीसारखं यंत्र उचलायला लावलं, स्वच्छ पत्र्याकडे क्षणभर बघितलं आणि बोट टेकवलं. नंतर वेळेआधीच निवृत्ती घेतली. निरोपसमारंभ झाला नाही. दगदग नको म्हणे त्यांना.

हायवेवाल्यांना मान्यता मिळाली. मिलिंदला तिथं नोकरी मिळाली, लग्न झालं. तिथं तो काय करतो ते सांगतो. उन्हाळाभर कोट घालून वैराग, बार्शी, मोहोळ इकडे फिरतो, आईबापांना रंगीत पुस्तिका दाखवतो आणि प्रवेश आणतो. अमुक इतके प्रवेश आणले नाहीत तर पगार थांबतो. एकदा जेवताना म्हणाला, "आज एका पोराला खरं सांगावं वाटलं बाबा. सरकारीत मिळत असेल तर तिकडं जा म्हणावं." मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "मग काय. पुस्तिका दिली."

करोनानंतर अक्का कुंभारीला भाचीकडे राहायला गेल्या, विडी कामगारांच्या वसाहतीत. मी धीर करून एकदा गेलो. ओट्यावर चटई टाकून त्या तीन-चार मुलींना शिकवत होत्या. पुन्हा तेच, प्रवेशपरीक्षा. मला बघून म्हणाल्या, "या एचओडी सायब. बसा." आणि मुलींना म्हणाल्या, "उठा गं, नमस्कार करा. हे सर लई चांगलं शिकवायचे. सेंद्रिय रसायन यांच्यासारखं सोलापुरात कुणी शिकवलं न्हाई." मुलींनी नमस्कार केला. मी जे बोलायला गेलो होतो ते त्या नमस्काराखाली दबलं.

चहा झाला. भाचीनं कडक भाकरीबरोबर शेंगाची चटणी दिली. अक्कांनी मिलिंदची चौकशी केली. "शिकवू देतात का त्याला तितं, का नुसता फिरवतात?"

"फिरवतात," मी म्हणालो.

"त्याला म्हणावं वाचायचं सोडू नको. आज ना उद्या जागा निघतील. न्हाई निघाल्या तरी वाचायचं सोडू नको." आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधत होतो.

निघताना दारापर्यंत आल्या. "काय काम काढलं होतं, ते सांगितलं न्हाई तुमी."

"काही नाही. सहज आलो."

"सहज येणारी माणसं न्हाई तुमी," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. चांगल्या थांबल्या. पायऱ्या उतरायला दोन, समोर मोकळं अंगण, मुली पुस्तकात डोकं घालून बसलेल्या. एवढी जागा मला कुणी करून दिली नव्हती. मी उन्हाविषयी काहीतरी बोललो आणि उतरलो.

थंडीत त्या गेल्या. भाचीनं कळवलं, मी गेलो, गर्दीत मागं उभा राहिलो. त्यांच्या ओट्यावरची एक मुलगी त्या वर्षी त्याच सरकारी विद्यापीठात दाखल झाली होती, तिथून ती रात्रभर प्रवास करून आली होती. मिलिंदही होता. पंधरा दिवसांनी शोकसभा झाली आणि तिथं माझं वाक्य मला परत ऐकू आलं. त्या सभेत मी उठून बोलू शकलो असतो. मी उभा राहिलो तो सगळ्यांबरोबर, श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांपुरता.

हा मजकूर मिलिंदला वाचायला दिला. त्याची नोकरी जाऊ शकते, हे त्याला सांगितलं. त्यानं वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "कुंकू पुसल्याचंसुद्धा राहू द्या." ते योग्यच आहे.

कुंभारीच्या त्या पायऱ्यांवर म्हणायचं वाक्य मी घरून तयार करून नेलं होतं. बसमध्ये म्हणून पाहिलं होतं. फार मोठं नव्हतं.

अक्का, त्या दिवशी तुमची तब्येत अगदी बरी होती, आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मला माफ करा.